नाशिकच्या घरासाठी वीज वाचवणारा गिझर कसा निवडावा

निफाडचा पारा दहा अंशांखाली उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिकच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत गिझरसाठी गर्दी होते. घाईत होणाऱ्या या खरेदीत बहुतेकांचे लक्ष किती लिटरचा आणि किती स्टारचा या दोनच प्रश्नांकडे असते. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, परंतु त्यांची उत्तरे दुकानात नव्हे तर घरात, म्हणजे बादल्या, आंघोळीच्या वेळा, न्हाणीघर ते गच्ची हे अंतर आणि मागील हिवाळ्याचे वीजबिल यांत असतात. ही माहिती हातात नसताना घेतलेला पाच स्टारचा गिझरसुद्धा वीज वाया घालवू शकतो, आणि ती हातात असेल तर साध्या गिझरवरही बिल आटोक्यात राहते. म्हणून या लेखात आधी मोजणी, मग प्रकार आणि त्यानंतर प्रत्यक्ष खरेदी असा क्रम ठेवला आहे.

आधी उष्णतेचा हिशेब समजून घ्यावा

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. हिवाळ्यात पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी १८ अंशांवर आहे आणि आंघोळीसाठी २० लिटरची बादली ४१ अंशांना हवी आहे असे धरले, तर २० गुणिले २३ म्हणजे ४६० किलोकॅलरी, अर्थात अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. हे गणित विजेच्या कोणत्याही गिझरला सारखेच लागू आहे. कॉइल कोणत्याही कंपनीची असो, तिच्यात जाणाऱ्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच उतरते, त्यामुळे ‘आमची कॉइल कमी विजेत जास्त तापवते’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग वीज वाचते कोठे? पहिली जागा म्हणजे टाकीत तापून पडून राहिलेल्या पाण्यातून बाहेर जाणारी उष्णता. दुसरी, गिझरपासून नळापर्यंतच्या पाइपात अडकून थंड होणारे पाणी. तिसरी, गरजेपेक्षा जास्त तापवून नंतर विसण घालण्याची सवय. यात विसणामुळे उष्णता नष्ट होत नाही, पण जास्त तापलेली टाकी आणि पाइप अधिक वेगाने उष्णता गमावतात. चौथी आणि सर्वांत मोठी जागा म्हणजे उष्णता विजेऐवजी सूर्याकडून किंवा हवेतून घेणे. पुढचा प्रत्येक निर्णय या चारपैकी कोणत्या तरी एका जागेशी जोडलेला आहे.

घरातील गरम पाण्याची मोजणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तिथेच निवड चुकते. चार दिवस एक वही न्हाणीघराबाहेर ठेवावी आणि घरातील प्रत्येकाने आंघोळीची वेळ व बादल्यांची संख्या तिच्यात लिहावी. शॉवर असेल तर त्याखाली रिकामी बादली ठेवून एका मिनिटात किती पाणी जमते ते मोजावे. समजा शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी येते आणि आंघोळ आठ मिनिटे चालते, तर एका माणसाला ६४ लिटर, म्हणजे तीन बादल्यांहून अधिक पाणी लागले आणि पावणेदोन युनिटांच्या जवळपास वीज गेली. त्याच घरातील बादलीने आंघोळ करणाऱ्या आजीला अर्धे युनिट पुरते. गिझरच्या दोन मॉडेलांतील फरकापेक्षा शॉवर आणि बादली यांतील फरक कितीतरी मोठा आहे, हे त्या वहीतून घरातल्या सगळ्यांना आपोआप दिसते.

एकूण पाण्याइतकीच आंघोळींची वेळही महत्त्वाची असते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा माणूस, सातला शाळेची बस पकडणारी मुले आणि नंतर निवांत आंघोळ करणारे वडीलधारे अशा घरात गरम पाणी पाच ते दहा या वेळेत तुकड्यातुकड्याने लागते. याउलट नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात सगळे अर्ध्या तासात आटोपते. पहिल्या घरात टाकीची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता मोलाची ठरते, तर दुसऱ्या घरात पाणी पुन्हा तापण्याचा वेग.

आता लिटरचा प्रश्न सोडवता येतो. टाकीत ६० अंशांचे आणि नळाला १८ अंशांचे पाणी असेल, तर ४१ अंशांच्या २० लिटर बादलीसाठी सुमारे ११ लिटर गरम पाणी लागते. या हिशेबाने १५ लिटरच्या गिझरमधून फार तर २७ लिटर आंघोळीचे पाणी मिळायला हवे. प्रत्यक्षात खालून थंड पाणी शिरून मिसळत असल्यामुळे सव्वा बादलीच हाती येते. २५ लिटरच्या गिझरमधून दोन बादल्या निघतात. २००० वॅटच्या कॉइलला १८ पासून ६० अंशांपर्यंत जाण्यासाठी १५ लिटरला सुमारे २२ मिनिटे आणि २५ लिटरला ३७ मिनिटे लागतात. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला दोन आंघोळींत थोडे अंतर ठेवता येत असेल तर १५ लिटर पुरतो, आणि एकामागोमाग एक आंघोळी होत असतील तर २५ लिटर घ्यावा. ५० लिटरच्या पुढे जाण्याचे कारण फक्त मोठा शॉवर किंवा टब हेच असू शकते.

वीजबिलातील शेवटचा टप्पा

महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत आणि प्रत्येक पुढच्या टप्प्यातील युनिट महाग आहे. गिझरची वीज ही महिन्याच्या इतर वापरावर वरून पडणारी वीज असते. म्हणून बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून गिझरचा खर्च मोजणे चुकीचे ठरते. आपला वापर ज्या शेवटच्या टप्प्यात पोहोचतो त्या टप्प्याचा दर धरायला हवा. त्यात वीज आकार, वहन आकार, असल्यास इंधन समायोजन आकार आणि त्यांवरील १६ टक्के वीज शुल्क मिळवावे. स्थिर आकार मात्र मिळवू नये, कारण गिझर चालो वा न चालो, तो द्यावाच लागतो. ज्या घराचा वापर हिवाळ्यात २७० युनिटांवर आहे, त्या घरात गिझरची पुढची साठ युनिटे निम्मी एका दराने आणि निम्मी त्याहून बऱ्याच चढ्या दराने आकारली जातात.

चार बादल्यांच्या घरात हिवाळ्यात दिवसाला दोन युनिटांहून किंचित जास्त आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास वीज लागते असे धरले, तर वर्षाला साधारण साडेपाचशे युनिटे होतात. हा आकडा आपल्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणला की वर्षाचा खर्च मिळतो. महागडे उपकरण घ्यावे की नाही हे ठरवताना त्याची जास्तीची किंमत या खर्चातील अपेक्षित बचतीने भागावी. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत पैसे वसूल होतात.

साठवण गिझर, इन्स्टंट गिझर आणि गॅस

साठवण गिझर हा बहुतेक फ्लॅटसाठी समतोल पर्याय आहे. २००० वॅटला सुमारे पावणेनऊ अँपिअर विद्युतप्रवाह लागत असल्यामुळे जुन्या वायरिंगवरही तो फारसा भार टाकत नाही आणि कमी दाबाच्या पाण्यावर चालतो.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर वीज वाचवतो असे सर्रास सांगितले जाते, आणि ते अर्धे खरे आहे. त्याच्या टाकीत पाणी थोडे असल्याने साठून वाया जाणारी उष्णता नगण्य असते. मात्र ३००० वॅटमध्ये मिनिटाला ४३ किलोकॅलरीच मिळतात, आणि नाशिकच्या हिवाळ्यात २३ अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला दोन लिटरांहून कमी पाणी मिळते. एक बादली भरायला दहा-अकरा मिनिटे लागतात. नळ मोठा सोडला की पाणी कोमट येते आणि मग लोक गिझरला दोष देतात. ४५०० वॅटचा गिझर हीच बादली सात मिनिटांत भरतो, पण त्याला जवळपास २० अँपिअर लागतात, म्हणजे नेहमीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावताच येत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि एमसीबी, म्हणजे भार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच, हवा. स्वयंपाकघरातील सिंकसाठी, हात-तोंड धुण्यासाठी किंवा एकट्या माणसाच्या आंघोळीसाठी इन्स्टंट उत्तम. चौघांच्या घरात डिसेंबरच्या पहाटे तो मुख्य गिझर म्हणून लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅस गिझरची तुलना करायला सोपे सूत्र आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते आणि त्यातील ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाण्यात उतरते, तेव्हा सिलिंडरची किंमत १४५ ने भागावी. येणारी रक्कम आपल्या शेवटच्या टप्प्याच्या वीजदराशी ताडून पाहावी. अनेक घरांत गॅस स्वस्त पडतो. परंतु गॅस जळताना न्हाणीघरातील प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर कधीही लावू नये, मग तेथे एक्झॉस्ट पंखा असला तरीही. मोकळी बाल्कनी किंवा कायम उघडी राहणारी गॅलरी असेल तरच विचार करावा, आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या नळीला परस्पर जोड देऊ नये. अंगणात लाकडावर पेटणाऱ्या तांब्याच्या बंबालाही हाच नियम लागू आहे: बंब छपराखाली चालेल, चार भिंतींच्या आत नाही.

सोलर: ज्याची गच्ची त्याचा पहिला विचार

स्वतःचा बंगला, रो-हाउस किंवा वापरायला मिळणारी गच्ची असेल तर इतर कोणताही पर्याय पाहण्याआधी पाणी तापवणाऱ्या सोलरचा हिशेब करावा. नाशिकचा हिवाळा कडाक्याचा असला तरी आकाश बहुधा निरभ्र असते, म्हणजे ज्या महिन्यांत गरम पाण्याची गरज सर्वाधिक त्याच महिन्यांत ऊनही भरपूर मिळते. दिवसाला १०० लिटरची यंत्रणा तीन-चार माणसांना पुरते. १०० लिटर पाणी १८ वरून ५८ अंशांवर नेणे म्हणजे दिवसाला साडेचार युनिटांहून अधिक उष्णता सूर्याकडून घेणे.

जागा ठरवताना सावली पाहावी, आणि ती मे महिन्यात नव्हे तर डिसेंबरात पाहावी. नाशिक २० अक्षांशावर असल्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवरच असतो. अशा वेळी दक्षिणेला असलेल्या तीन मीटर उंच जिन्याच्या खोलीची सावली उत्तरेला जवळजवळ तीन मीटर पडते, आणि सकाळ-संध्याकाळ ती त्याहून लांब असते. उन्हाळ्यात गच्ची पाहून गेलेला विक्रेता ही सावली लक्षात घेत नाही. कलेक्टरचे, म्हणजे ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या भागाचे, तोंड दक्षिणेला आणि कल ३० ते ३५ अंश ठेवला तर हिवाळ्यातील ऊन चांगले मिळते.

काचेच्या निर्वात नळ्यांचा आणि तांब्याच्या सपाट पट्ट्यांचा असे दोन प्रकार बाजारात आहेत. नळ्यांच्या प्रकाराची किंमत कमी असते, आतल्या निर्वातामुळे थंड वाऱ्यातही उष्णता टिकते आणि पाण्यातील क्षार साचले तरी नळ्या काढून धुता येतात. मात्र गारपिटीत नळी फुटू शकते, आणि गारपीट नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. सपाट कलेक्टर अधिक मजबूत आणि दीर्घकाळ टिकणारा, पण त्यातील तांब्याच्या बारीक नळ्या बोअरवेलच्या कठीण पाण्याने चोंदतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी नळ्यांचा प्रकार किंवा उष्णता-विनिमयक (वापराचे पाणी कलेक्टरच्या नळ्यांत न सोडता त्याला उष्णता देणारा भाग) असलेली यंत्रणा घ्यावी.

सोलरचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पाइप. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत २० मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात पाच-सहा लिटर पाणी मावते. रात्रभरात ते थंड होते आणि पहाटे नळ उघडल्यावर आधी तेच बाहेर येते. हे पाणी वेगळ्या बादलीत धरून कपडे भिजवायला वापरावे, आणि पाइपवर चांगल्या जाडीचे उष्णतारोधक आवरण घालून त्यावर उन्हापासून संरक्षण करणारी पट्टी गुंडाळावी. नुसते काळे फोमचे आवरण गच्चीवरच्या उन्हात दोन-तीन वर्षांत पिठूळ होऊन गळून पडते. नवीन बांधकाम चालू असेल तर न्हाणीघरे एकावर एक ठेवून सोलरची टाकी थेट त्यांच्या वर बसवावी. पुढच्या वीस वर्षांचे नुकसान नकाशावरच्या एका रेघेत वाचते.

जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ आकाशामुळे सोलरला पूरक व्यवस्था लागतेच. ही पूरक कॉइल सोलरच्या टाकीतच बसवण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो टाळावा. एका बादलीसाठी शंभर लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सव्वादोन युनिटांहून अधिक वीज लागते. त्यापेक्षा न्हाणीघरात लहान गिझर ठेवून ढगाळ दिवसांपुरता तोच चालू करावा. सोलरचे पाणी थेट गिझरमध्ये सोडायचे असेल तर तो किती तापमानाचे पाणी आत घेऊ शकतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. उन्हाळ्यात याच यंत्रणेतील पाणी ८० अंशांच्याही वर जाऊ शकते आणि हाताला भाजते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत निम्म्या नळ्या झाकून ठेवाव्यात आणि टाकीचा हवा जाण्याचा पाइप कधीही बंद करू नये.

येथे एक गल्लत नेहमी होते. २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्य घर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. तिच्यातील अनुदान, म्हणजे एका किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅट व त्यापुढे कमाल ७८,००० रुपये, पाणी तापवणाऱ्या सोलरला मिळत नाही. ज्यांची गच्ची लहान आहे त्यांना दोन्हींपैकी एकाची निवड करावी लागते. पाणी तापवणारा कलेक्टर त्याच जागेतून पॅनेलपेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा घेतो, परंतु ती फक्त गरम पाण्याच्या रूपात, आणि उन्हाळ्यात तिचा उपयोग राहत नाही. पॅनेलची वीज वर्षभर, कोणत्याही कामाला आणि नेट मीटरमुळे (दिवसा महावितरणला दिलेली वीज आपल्या वापरातून वजा करणाऱ्या मीटरमुळे) पहाटेच्या गिझरलाही उपयोगी पडते. महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या वर असेल आणि गच्ची एकच उपकरण पेलू शकत असेल, तर मी पॅनेलकडे झुकेन. वापर कमी असेल आणि घरात माणसे जास्त असतील तर पाणी तापवणारा सोलर अधिक लवकर पैसे वसूल करून देतो.

सोसायटीत राहणाऱ्यांनी गच्चीचा हक्क आणि सोसायटीची लेखी परवानगी या दोन गोष्टी आधी पूर्ण कराव्यात. सामाईक सोलर असलेल्या इमारतींत वरच्या मजल्यांना गरम आणि खालच्यांना कोमट पाणी मिळण्याची तक्रार असते. तिचे मूळ बहुधा आवरण नसलेल्या उभ्या पाइपात असते आणि ते आवरण घालण्याचा खर्च सर्वांनी वाटून घेतला तर फारसा नसतो.

हीट पंप

हीट पंप फ्रीजच्या उलट काम करतो: बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून ती पाण्यात सोडतो. त्यामुळे एक युनिट विजेत अडीच ते साडेतीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. नाशिकची हवा वर्षाचा बहुतांश काळ उबदार असल्याने येथे तो चांगला चालतो, मात्र पहाटेच्या थंडीत त्याची कार्यक्षमता थोडी घटते. किंमत साठवण गिझरच्या कितीतरी पट असल्यामुळे तो एकत्र कुटुंब, वसतिगृह किंवा लॉज अशा ठिकाणी शोभतो, जिथे दिवसाला २०० लिटर किंवा त्याहून अधिक गरम पाणी लागते आणि गच्चीवर ऊन नाही. घेण्यापूर्वी दुरुस्ती करणारा माणूस नाशिकमध्येच उपलब्ध आहे का, हे विचारावे.

स्टार लेबल कसे वाचावे

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे विजेच्या गिझरवरील लेबल साठवण प्रकारासाठी असते आणि ते एकच गोष्ट सांगते: टाकीतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त गरम ठेवले आणि नळ न उघडता चोवीस तास तसेच राहू दिले, तर ती उष्णता टिकवण्यासाठी किती युनिटे लागतात. स्टारच्या संख्येपेक्षा लेबलवरचा हा युनिटांचा आकडा पाहावा आणि तो सारख्याच लिटरच्या दोन गिझरमध्ये ताडावा. स्टारचे निकष काळानुसार कडक होत गेले आहेत, म्हणून दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच स्टार आणि नव्या मालावरचे पाच स्टार सारखे नसतात. लेबलवर छापलेला कालावधी वाचला की हे कळते.

समजा दोन गिझरमध्ये दिवसाला ०.३ युनिटाचा फरक आहे. जो गिझर सतत चालू असतो त्याच्या बाबतीत हा फरक महिन्याला नऊ युनिटांचा होतो. पण जो गिझर सकाळी अर्धा तास लावून पाणी संपवले जाते, त्याच्या बाबतीत तो नगण्य राहतो. आंघोळी पसरलेल्या घराने पाच स्टारसाठी जास्त पैसे जरूर द्यावेत. ज्यांचे सगळे अर्ध्या तासात आटोपते त्यांनी तोच पैसा चांगल्या टाकीवर आणि वायरिंगवर खर्च करावा. आयएसआय चिन्ह मात्र दोघांनीही पाहावेच.

पाणी, टाकी आणि कॉइल

गंगापूर धरणाचे महापालिकेचे पाणी आणि शहराच्या वाढत्या कडेच्या वसाहतींतील बोअरवेलचे पाणी यांत गिझरच्या दृष्टीने मोठा फरक आहे. बोअरच्या पाण्यावर दोन-तीन हिवाळे चाललेली कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर पांढरट-पिवळ्या क्षाराचा बोटभर जाड थर दिसतो आणि टाकीच्या तळाशी त्याच्याच खपल्या साचलेल्या असतात. हा थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण, मोजणारे मीटर स्वस्तात मिळते, पण क्षार साचण्याशी थेट संबंध असतो तो काठिण्याचा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांच्या प्रमाणाचा. ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही इष्ट आणि ६०० ही पर्यायी स्रोत नसताना चालणारी मर्यादा आहे. काठिण्य २०० च्या बरेच वर असेल तर आतून काचेचा लेप दिलेली टाकी, काचेचे आवरण असलेली कॉइल आणि जाड मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असलेला गिझर घ्यावा. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. दर एक-दोन वर्षांनी तो पाहून बदलला नाही तर टाकीवरच्या दीर्घ हमीचा उपयोग उरत नाही. तापमान ६० अंशांच्या वर गेले की क्षार झपाट्याने साचतात, म्हणून कठीण पाण्याच्या घरात थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइलची वीज तोडणारा भाग) ५० ते ५५ वर ठेवणे वीज आणि कॉइल या दोन्हींच्या हिताचे आहे. टाकीत पाणी दिवसेंदिवस कोमट पडून राहत असेल तर त्यात फुप्फुसांचा आजार करणारे लीजिओनेलासारखे जीवाणू वाढू शकतात. अशा वेळी आठवड्यातून एकदा तापमान ६० पर्यंत नेऊन ते पाणी वापरून टाकावे.

दाब, वायरिंग आणि जागा

पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. दुमजली घराला कमी दाबाचा गिझर चालतो, परंतु गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याच्या उंच इमारतीत, विशेषतः प्रेशर पंप असेल तर, ८ बार सहन करणारा गिझरच हवा. बसवताना सोबतचा सुरक्षा व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या बाजूला लावलाच पाहिजे. पाणी तापताना प्रसरण पावते आणि या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळते; हा बिघाड समजून काही जण तेथे बूच ठोकतात, आणि ते अत्यंत धोकादायक आहे. त्या थेंबांसाठी बारीक नळी लावून ती मोरीत सोडावी.

२००० वॅटला २.५ चौरस मिलिमीटर आणि ३००० वॅटला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, तपासलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) या चार गोष्टींत काटकसर करू नये. पंचवटीतील जुन्या वाड्यांत आणि सिडकोच्या सुरुवातीच्या घरांत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येते, पण खाली जमिनीत ती जोडलेली असतेच असे नाही. वायरमनकडून ते मीटरने मोजून घ्यावे. बाजारात मिळणारा उघडा रॉड बादलीभर पाणी तापवायला कार्यक्षम आहे, कारण त्याची सगळी उष्णता पाण्यातच जाते, परंतु लहान मुले असलेल्या घरात त्याची शिफारस करण्याचे धाडस मी करणार नाही.

गिझर शक्यतो नळाच्या जवळ आणि दोन न्हाणीघरांच्या सामाईक भिंतीवर बसवावा, म्हणजे एकाच गिझरवर दोन्ही भागतात आणि पाइपही आखूड राहतो. माळ्यावर लपवलेला गिझर दिसायला नीट असतो, पण त्याचा अॅनोड बदलायला कोणी चढत नाही.

बसवल्यानंतरची तपासणी

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी घरातील इतर सगळी मोठी उपकरणे बंद ठेवून मीटरवरची युनिटांची नोंद लिहावी, थंड पाण्याने भरलेला गिझर लावावा आणि त्याचा दिवा विझल्यावर पुन्हा नोंद घ्यावी. १५ लिटरच्या गिझरला हिवाळ्यात ६० अंशांपर्यंत सुमारे पाऊण युनिट आणि २५ लिटरला सव्वा युनिट लागायला हवे. मीटरवर दशांश दिसत नसतील तर लाल दिव्याचे लुकलुकणे मोजावे. त्याशेजारी एका युनिटाला किती वेळा लुकलुक होते तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल तर २००० वॅटच्या गिझरवर मिनिटाला सुमारे १०७ वेळा दिवा लागतो. आकडे बरेच जास्त आले तर गरम पाण्याचा एखादा नळ गळत आहे का ते आधी पाहावे. तसे नसेल तर थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडत नाही असे समजावे आणि हमीचा कालावधी चालू असतानाच कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून मीटरच्या दोन्ही नोंदी त्याला दाखवाव्यात.